मशीनला वांग चालत नाही

"चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

आवाज बाईचा होता. गोड, शिकलेला, जन्मात कधी उन्हात न गेलेला. पाणीपुरवठा कार्यालयाच्या दारात, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर एक काळी काच बसवली होती, तिच्यातून तो यायचा. काचेसमोर मीटरवाली उभी होती. घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचणारी बाई, कित्येक वर्षं कंत्राटावर.

तिने पुन्हा प्रयत्न केला. म्हणजे तेच तोंड त्याच जागी परत धरलं. दुसरं कुठून आणणार?

"चेहरा जुळत नाही."

"पावडर लावा, बाई," हजेरीचा कारकून वर न बघता म्हणाला.

खिडकीच्या कट्ट्यावर पावडरचा डबा ठेवलेला होता. कोणी आणला ते कोणालाच माहीत नव्हतं, संपला की नवा यायचा. मशीन बसल्यापासून अख्खं कार्यालय सकाळी त्या डब्यात हात घालायचं. पंपावरचा मिस्त्री, शिपाई, गळती शोधणारी पोरं, सगळे तोंडाला पांढरं फासून रांगेत उभे राहायचे, हजर व्हायचे आणि मागच्या नळावर जाऊन तोंड धुवायचे. पाण्याचंच खातं, पाण्याला तोटा नव्हता.

हा सगळा उपद्व्याप समोरच्या फोटो स्टुडिओवाल्याचा. मशीन येणार म्हणून मुख्य कार्यालयाने प्रत्येकाचा फोटो मागवला, तेव्हा सगळे रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले. या माणसाला एक खोड होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसायच्या आधीच तो मनातल्या मनात त्याचं तोंड पुसायला लागायचा. फोटो काढला की संगणकावर फडकं मारल्यासारखा हात फिरवायचा: तीळ गेला, व्रण गेला, सुरकुत्या गेल्या. "साफ करून दिलाय," म्हणायचा. कोणी सांगितलेलं नसायचं, पण नको म्हणणाराही कोणी निघाला नाही. मिस्त्रीच्या भुवईवरची लहानपणची खोक नाहीशी झाली. शिपायाच्या बायकोने फोटो बघून विचारलं, "हा कोण, तुमचा भाचा का?"

मीटरवालीच्या दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठाच्या वर तपकिरी चट्टे होते. वांग. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आलं, तेव्हा फिकट होतं. पुढे मीटरच्या फेऱ्यांनी त्याला रंग चढवला. फेरीवरच्या घरांना त्याची मोठी काळजी. अंगणातलं कुत्रं चावतं हे ज्यांना सांगायचं सुचत नसे, ते दार उघडल्या उघडल्या म्हणायचे, "अगंबाई, तोंडाला काय झालं हो हे?" जणू तिला घरी आरसा नव्हता आणि ही बातमी त्यांच्याचकडून कळायची होती.

फोटोवाल्याने वांग एका फटक्यात उडवलं. तिने फोटो पाहिला. बरं वाटलं तिला. का वाटू नये? एक जास्तीची प्रत तिने घरी नेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. सासूने ती पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली आणि म्हणाली, "पोरगी चांगली आहे. कोणाची?"

तोवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्या वर्षी कंत्राटावरच्या लोकांना कायम करायचं ठरलं. अट एकच, हजेरी. तपासणी समिती येणार आणि मशीन ज्याला नियमित हजर म्हणेल त्यालाच कायम करणार. बाकीच्यांचं कंत्राट संपलं की नमस्कार. मीटरवालीचा नवरा कारखान्यातून सुटून घरी बसलेला. घर चालायचं ते तिच्या फेऱ्यांवर.

आणि मशीनच्या मते ती बरेच दिवस गायब होती. इतरांचं पावडरीवर भागायचं, तिचं भागत नसे. पावडरीखालून वांग राखाडी होऊन वर यायचं आणि ती कुठल्या तरी आजारातून उठल्यासारखी दिसायची. गायब असलेल्या त्याच दिवसांत तिने टिपलेल्या आकड्यांवर बिलं निघाली, लोकांनी ती भरली, काहींनी कार्यालयात येऊन भांडून भरली. गैरहजर बाईने मोजलेलं पाणी खात्याला चालत होतं, बाई चालत नव्हती.

"अहो दादा, फोटो बदलून घ्या ना माझा," ती कारकुनाला म्हणाली.

"बदलता येतो."

"मग बदला."

"चेहरा बदलायचा अर्ज मशीनवरच करायचा. अर्ज उघडायला आधी चेहरा जुळवावा लागतो."

"जुळला असता तर बदलायला कशाला आले असते?"

"तेच तर," कारकून म्हणाला. तिने नियमाचं कौतुक केलं असं त्याला वाटलं.

त्याच्या टेबलावरच्या संगणकात एक बटण होतं. 'हाताने हजर'. ते दाबलं की मशीनला काही न विचारता माणूस हजर व्हायचा. साहेब रोज त्याच बटणाने हजर होत, आले तरी आणि नाही आले तरी.

"मग माझंही तेच दाबा."

"ते वरच्यांसाठी असतं, बाई."

"वरच्यांना तोंड नसतं का?"

कारकुनाने इकडेतिकडे बघितलं आणि पावडरचा डबा तिच्याकडे सरकवला.

ती साहेबांकडे गेली. साहेबांच्या खोलीत जाड पडदे, दोन पंखे आणि एक कूलर होता. ऊन तिथे परवानगीशिवाय येत नसे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या तोंडाकडे असं पाहिलं की जणू ते फुटलेलं मीटर आहे आणि बदलून द्यायची जबाबदारी तिच्यावर आहे.

"बाई, मशीनला भावना नसतात. ते चुकत नाही. तुम्ही जरा स्वतःकडे लक्ष द्या."

"वांग आहे साहेब. बाळंतपणात आलं, उन्हाने वाढलं."

"मनावर घेतलं की सगळं जातं." त्यांनी खण उघडून एक बिनानावाची पांढरी डबी काढली. "आमच्या मिसेस करून देतात. पार्लर आहे त्यांचं. रात्री लावायचं. अगदी नैसर्गिक आहे."

पार्लरवाल्या वहिनींच्या डब्या कार्यालयात बऱ्याच जणांच्या घरी होत्या. साहेबांच्या हाताखालचा माणूस नैसर्गिक गोष्टीला नाही कसा म्हणणार?

डबी लावायच्या आधी सासूने आपले प्रयोग करून घेतले. सासू मनाने वाईट नव्हती, फक्त तिला सगळं ठाऊक होतं. टोमॅटो झाला, दही झालं, मग लिंबू. "घासून लाव," ती म्हणायची, "मळ आहे तो, सुटेल." मीटरवालीने गालांवर लिंबू चोळलं आणि तशीच फेरीला गेली. दुपारी गालांची आग व्हायला लागली, संध्याकाळी फोड आले. फोड गेले तिथे आणखी गडद डाग राहिले.

"लिंबू जुनं असेल," सासू म्हणाली.

मग तिने डबी उघडली. आणि काय चमत्कार. आठवडाभरात चट्टे फिकटले, गाल गुळगुळीत झाले, फोटोत होते तसे. सकाळी ती काचेसमोर उभी राहिली आणि आतल्या बाईने गोड आवाजात म्हटलं, "स्वागत आहे." मीटरवालीला उगाचच त्या आवाजाला थँक्यू म्हणावंसं वाटलं. साहेबांनी येता-जाता मान डोलावली. फेरीवर एका घरातल्या काकू म्हणाल्या, "कसलं लावता हो, आम्हालाही सांगा." तिने सांगितलं. त्याचं तिला पुढे फार वाईट वाटायचं होतं.

कारण महिना उलटला आणि तोंड पेटलं. नुसत्या उन्हाने नाही, स्वयंपाकाच्या वाफेने, गरम चहाने, हसण्यानेसुद्धा. गाल लालबुंद, त्यांवर बारीक पुळ्या, हनुवटीवर लव. घाबरून तिने डबी बंद केली, तर वांग दुप्पट काळं होऊन परत आलं, सुट्टीवर गेलेला माणूस दुप्पट सामान घेऊन परत यावा तसं. मशीन तर आता तिला बघून लगेचच नाही म्हणायचं, प्रयत्न करा म्हणायचीही तसदी घेत नसे.

शेवटी ती सार्वजनिक दवाखान्यात गेली. त्वचेच्या विभागात लांब रांग होती आणि रांगेतल्या निम्म्या बायकांच्या हातात कुठली ना कुठली डबी होती. डॉक्टरीण तरुण होती, थकलेली, तोंडाने फटकळ. तिने मीटरवालीचा चेहरा दिव्याखाली धरून पाहिला, मग डबी उघडून हुंगली.

"यात स्टेरॉइड असणार. ही त्वचाच ओरडून सांगतेय. कोणी दिलं?"

"साहेबांनी."

"साहेब डॉक्टर आहेत?"

"पाणीपुरवठ्याचे आहेत."

"मग त्यांना सांग, पाण्यावर राहा." डॉक्टरणीने डबी आपल्या खणात टाकली. "अशाने कातडी पातळ होते. गोरं वाटतं, ते गोरं नसतं, खरवडलेलं असतं. आधी हे शांत करायला औषध देते. मग वांगाचं बघू. घासायचं काही नाही. लिंबू नाही, दही नाही, सासूबाई नाहीत."

"सासूबाई तुम्हाला कशा कळल्या?"

"प्रत्येकीला असतात." ती कागदावर लिहीत बोलत होती. "हा मळ नाही. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्या बिथरल्यात. बाळंतपणाने, उन्हाने, उष्णतेने. कुणाच्या घरातच असतं. त्यांना शांत ठेवायचं, बस. सनस्क्रीन लावायचं, मातकट रंगाचं घे, वांगाला तेच बरं. पांढरं असतं ते उन्हाला थोपवतं, पण नुसत्या उजेडानेही वांग गडद होतं, त्याला हा रंग अडवतो. भरपूर लावायचं, चिमूटभर नाही. बाहेर असलीस तर दर दोन तासांनी परत. ढग असले तरी लावायचं. आणि मोठ्या काठाची टोपी. काम सकाळी लवकर करून घे, भर उन्हात फिरू नकोस. दुपारचं ऊन आणि तुझं जमणार नाही."

"जाईल का मग?"

"कमी होईल. काही महिने लागतील. पुढच्या उन्हाळ्यात डोकं वर काढील, परत दाबायचं. कायमचं घालवून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या डबीचा वास घे."

मीटरवाली उठली नाही. "बाई, एवढं लिहून द्याल का, की हा चेहरा माझाच आहे?"

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "मी तुला आज पहिल्यांदा पाहतेय. आधीची तू कशी होतीस मला काय माहीत?"

"म्हणजे तुम्हीही मशीनसारखंच."

"मशीनपेक्षा बरी आहे. मी निदान दुखतं का विचारते." मग पेन परत उचलत ती म्हणाली, "दुखतं का?"

"दुखतं," मीटरवाली म्हणाली.

कागद घेऊन ती परत साहेबांकडे. डबीचं सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही जास्त लावलं असेल." टोपीचं सांगितलं, तेव्हा म्हणाले की गणवेशात टोपी नाही, आणि टोपी घातलेलं तोंड मशीन घेतच नाही. सकाळी लवकर फेरीला जाऊ द्या म्हटलं, तेव्हा ते मनापासून चकित झाले.

"अहो, पण मशीन दहाला उघडतं. हजेरीशिवाय फेरीला निघणं म्हणजे गैरहजर राहून काम करणं. ते नियमात बसत नाही."

आता नीट बघा. मशीन दहाला उघडणार, म्हणून बाईने दहानंतरच्या उन्हात फिरायचं. त्या उन्हाने वांग वाढणार. वांग वाढलं की मशीन तिला ओळखणार नाही. मशीनने ओळखलं नाही तर बाई गैरहजर. गैरहजर बाई कायम होणार नाही. आणि या चक्रात दोष कोणाचा, तर बाईच्या तोंडाचा. एवढी अक्कल एकाच कार्यालयात जमा होण्यासाठी बऱ्याच लोकांनी बरीच वर्षं शिक्षण घेतलेलं असतं.

त्यातून वाट निघाली ती तिच्या धाकट्या बहिणीमुळे. सगळे तिला छोटी म्हणत. छोटी मीटरवालीकडेच राहायची. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि म्हणून तिला उन्हात जायला बंदी होती. मुलाकडचे रंग बघतात, म्हणून पोरगी लोणी ठेवावं तशी सावलीत ठेवलेली. एकदा मीटरवाली छत्री घरी विसरली, तेव्हा छोटी ती घेऊन कार्यालयात आली. दारातल्या काचेत तिने सवयीने केस नीट केले.

"स्वागत आहे," मशीन म्हणालं आणि मीटरवालीचं नाव घेतलं.

कारकून खुर्चीतून उठला. "जुळला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात असा आनंद होता की जणू हरवलेलं पोर सापडलं. "बाई, तुम्ही जुळलात."

"मी इकडे आहे," मीटरवाली मागून म्हणाली.

बहिणी नाकीडोळी सारख्याच. फोटोवाल्याने मोठीचं वांग पुसलं आणि नकळत धाकटी तयार केली. साहेब बाहेर आले. त्यांनी दोघींना बघितलं, काचेकडे बघितलं आणि प्रश्न सोडवून टाकला. समितीला हजेरी हवी होती आणि हजेरी कमी भरली तर जाब साहेबांना विचारणार होते.

"ही रोज येईल दहाला. हजेरी लावून जाईल. तुम्ही तुमचं काम करा. कोणाचं नुकसान आहे यात?"

"म्हणजे मी येऊच नको?"

"तुम्ही कामाला या. हजेरीला ही."

मीटरवालीने साहेबांकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की हजेरी जर दुसरीच लावणार असेल, तर तिला दहा वाजायची वाट बघायचं कारण उरत नाही.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच फेरीला निघाली. डोक्यावर बाजारातून आणलेली मोठ्या काठाची टोपी, तोंडाला मातकट सनस्क्रीन, पिशवीत त्याची ट्यूब. रस्ते गार होते. लोक दात घासत दार उघडायचे आणि मीटर दाखवायचे. ऊन तापायला लागायचं, तोवर ती सावलीच्या बाजूच्या गल्ल्यांत शिरलेली असायची. ज्या काकूंना तिने डबी सांगितली होती, त्यांच्या दारात ती सगळ्यात आधी गेली.

"लावता का अजून?"

"लावते की. तोंड जरा चुरचुरतं, पण उजळलंय बघा."

"बंद करा आणि दवाखान्यात जा. मीच चुकीचं सांगितलं तुम्हाला."

"स्वतः उजळून घेतलंत, आता मी उजळलेली बघवत नाही होय," काकू म्हणाल्या आणि दार लावलं. त्या पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या रांगेत दिसल्या, तेव्हा तोंड फिरवून उभ्या होत्या.

मीटरवालीचे गाल निवले. वांग गेलं नाही, पण हट्ट सोडायला लागलं. घरी छोटी मात्र फुशारली. तिला कार्यालयात चहा मिळायचा, बसायला खुर्ची मिळायची. साहेब म्हणायचे, "कार्यालयाला जरा शोभा आली." संध्याकाळी ती ताईला सांगायची, "आज आपण वेळेवर गेलो." सासूही म्हणायला लागली, "नोकरी दोघी मिळून करतात आमच्याकडे. एक तोंड देते, एक पाय."

मग समिती आली. तीन जणं, मुख्य कार्यालयातली. अध्यक्षबाईंच्या तोंडावर मेकअपचा असा थर होता की त्या हसल्या की तो आधी तडकायचा, हसू मागून यायचं. नियम असा होता की तपासणी करणाऱ्यांनी आधी स्वतः मशीनवर हजर व्हायचं. अध्यक्षबाई काचेसमोर उभ्या राहिल्या.

"चेहरा जुळत नाही."

मुख्य कार्यालयाच्या रस्त्यावरही एक फोटोवाला होता, आणि फोटोवाले जगात सगळीकडे सारखेच. दुसरे सदस्य उभे राहिले, त्यांच्या फोटोत कपाळावर केस होते. तिसऱ्यांचे डोळे फोटोत मोठे केलेले. मशीनने तिघांनाही पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. खिडकीतला पावडरचा डबा सगळ्यांना दिसत होता आणि कोणीच बघत नव्हतं. साहेबांनी खुणावलं. कारकुनाने संगणकाकडे वळून बटण तीनदा दाबलं. तिघं हजर झाले आणि तपासणी सुरू झाली.

मीटरवालीची पाळी आली. आदल्या दिवशी साहेबांनी तिला बजावलं होतं, समितीपुढे छोटीला उभी करायची, तुम्ही फेरीवर राहा. ती फेरीवर राहिली नव्हती. टोपी काढून हातात घेतली, तोंड स्वच्छ धुतलेलं. ना पावडर, ना काही. काचेसमोर उभी राहिली.

"चेहरा जुळत नाही."

"पुढचं नाव घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पुढचं का?" मीटरवाली जागची हलली नाही. "तुमचाही नाही जुळला."

अध्यक्षबाईंनी यादीवरचं बोट उचललं.

"आमचं वेगळं आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही कोण आहोत हे इथे सगळ्यांना माहीत आहे."

"मी कोण आहे हेही माहीत आहे. या दादांना विचारा. रोज पावडरचा डबा हेच माझ्यापुढे करतात."

कारकून टाचणी शोधायला टेबलाखाली वाकला.

साहेब घाईघाईने पुढे झाले. "मॅडम, या बाईंची तब्येत बरी नाही. खऱ्या कर्मचारी या," आणि त्यांनी खुर्चीवर बसलेल्या छोटीला हाताने पुढे केलं. छोटी गोंधळून काचेसमोर गेली. काचेने तिचं स्वागत केलं.

"हं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "जुळला. नियमित हजेरीही आहे. अभिनंदन, तुम्ही कायम झालात. उद्यापासून मीटरच्या फेऱ्या तुमच्याकडे राहतील, निवृत्तीपर्यंत."

छोटीने आधी ताईकडे पाहिलं, मग अध्यक्षबाईंकडे, मग खिडकीबाहेर, जिथे भर दुपारी डांबर चकाकत होतं.

"उन्हात?" ती म्हणाली.

"मीटर घरातच असतात असं नाही."

"नको बाई मला. माझं लग्न व्हायचंय. ताईचं तोंड बघा ना काय झालंय. मी नुसती हजेरी लावायला येते."

ताईला तोंडावर चापट बसावी तसं झालं, पण तिने ती घेतली. आजवर कोणी तिच्या तोंडाबद्दल एवढं उपयोगी काही बोललं नव्हतं.

"मग मीटर कोण वाचतं?" दुसऱ्या सदस्यांनी विचारलं.

"ताई."

"आणि हिला रोज हजेरीला बोलावलं कोणी?"

छोटीने बोट केलं. ते सरळ साहेबांच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. साहेब खोकले. अध्यक्षबाईंनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. लिहायचं म्हटलं तर सगळंच लिहावं लागणार होतं: एकीच्या नावावर दुसरीने हजेरी लावली तेही, आणि लिहिणारे स्वतः कशाने हजर झाले तेही. तिन्ही सदस्यांनी हे एकाच वेळी ओळखलं. त्या दिवशी त्या कार्यालयात इतका चटकन जुळलेला दुसरा विचार नव्हता.

"कारकून," अध्यक्षबाई म्हणाल्या, "या बाईंना तुम्ही ओळखता?"

तो टेबलाखालून वर आला. साहेबांकडे बघून चुळबुळला, समितीकडे बघून घाम पुसला आणि शेवटी, बहुतेक जन्मात पहिल्यांदाच, ज्या माणसाबद्दल विचारलं त्याच माणसाकडे बघितलं.

"हो. मीटरवाल्या बाई. पहिल्यापासून याच आहेत."

"मग दाबा ते बटण."

त्याने दाबलं. इतके दिवस ते दाबायला काय अडलं होतं, हे कोणी विचारलं नाही. मीटरवाली कायम झाली. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. अशा माणसांची बदली तिकडेच होते. पार्लरवाल्या वहिनींच्या डब्याही त्यांच्याबरोबर तिकडे गेल्या.

नवा फोटो काढायचा हुकूम निघाला. ती रस्ता ओलांडून स्टुडिओत गेली, स्टुलावर बसली. फोटो निघाला आणि फोटोवाल्याचा हात सवयीने फिरायला लागला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"हे गालावरचं?"

"गालावरचं, कपाळावरचं, ओठावरचं, सगळं."

"अहो, सगळे काढून घेतात."

"म्हणूनच तर राहू द्या म्हणते."

फोटोवाल्याला तो फोटो द्यायला लाज वाटली. काम अपुरं राहिल्यासारखं त्याने तो पाकिटात उलटा घातला.

कायम झाल्यावर तिने पहिली मागणी केली, सकाळी लवकर फेरी आणि गणवेशात टोपी. नव्या साहेबांनी दोन्ही दिल्या, कारण कायम माणसाला नाही म्हणायला कारण लिहावं लागतं. मशीन पहाटे उघडायला लागलं. ती तोंड धुऊन, टोपी हातात घेऊन काचेसमोर उभी राहायची, काच तिच्या वांगासकट तिला ओळखायची, मग ती सनस्क्रीन लावायची, टोपी चढवायची आणि निघायची. डॉक्टरीण दर खेपेला दिव्याखाली बघून "चाललंय," एवढंच म्हणायची. तिच्या तोंडून ते बक्षीस होतं.

थंडीचे दिवस आले. एका सकाळी ती काचेसमोर उभी राहिली.

"चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

तिने काचेत वाकून पाहिलं. गालांवरचे चट्टे इतके फिकटले होते की शोधावे लागत होते. फोटोत होते तसे उरलेच नव्हते. उन्हाळ्यात परत येतील, तेव्हा जुळेल.

कारकुनाने सवयीने डब्याकडे हात नेला, मग त्याच्याही लक्षात आलं की या वेळी पावडरीचा उपयोग नाही. त्याने खिशातलं पेन काढलं, झाकण उघडलं आणि तिच्या गालांकडे विचार करत पाहिलं.

"हात लावून तर बघा," ती म्हणाली. "दाबा बटण."

त्याने दाबलं. तिने ट्यूब काढली, गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर, कानांच्या पाळ्यांवर नीट फासली, टोपी डोक्यावर बसवली आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडली.